अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव

आमच्या माजघरात आईच्या खाटेशेजारी एक पत्र्याची पाटी लटकते. मिरजोळ्याला माझं वेल्डिंगचं लहानसं वर्कशॉप आहे, तिथल्याच उरलेल्या पत्र्याची. कडा घासून गोल केल्या, रेडऑक्साइडचा एक हात दिला आणि वर पांढऱ्या रंगाने मीच लिहिलं, '८८ ते ९२. गोळी दोनवर. कोणीही हात लावू नये. हुकमावरून.' येणारे-जाणारे वाचतात आणि विचारतात, हुकूम कोणाचा? मी सांगतो, माझा. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. ही पाटी लिहिण्याइतकी अक्कल यायला मला आईचा जीव टांगणीला लावावा लागला होता.

आईला फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. आई त्याला नुसतं 'दम' म्हणते आणि घरात घुसलेल्या कुत्र्याला हाकलावं तशी त्याच्यावर खेकसते. पहिल्यांदा तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजी, विडी-बिडी ओढायचात का कधी?" आई अशी काही चवताळली की खोकता खोकता निळी पडली.

"विडी नाय," ती म्हणाली. "बिया!"

डॉक्टरांना काही कळेना, मग मी सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हापासून आई काजूच्या बिया भाजायच्या भट्टीवर जात होती. नारळाच्या सोडणांचा असतो तसला साधा धूर नव्हे तो. बीच्या टरफलातलं तेल जळतं आणि काळा, चिकट, घसा कापणारा धूर शेडभर कोंडतो. भट्टी सुटली की घरी येऊन चूल. तिच्या हातांवर त्या तेलाचे डाग आजही आहेत, तसे आत छातीतही असणार. तेव्हा धुराला कोणी आजार म्हणत नव्हतं. धूर दिसला म्हणजे काम चालू आहे, एवढंच. या गोष्टीचा मला अजून राग येतो, आणि कोणावर काढावा ते कळत नाही म्हणून जास्तच येतो.

आई स्वतः मात्र रागात वेळ घालवत नाही. इस्पितळात एका मुलीने तिला श्वास सोडायला शिकवला. नाकाने घ्यायचा आणि ओठ चिमटून, सावकाश, लांब सोडायचा. आईने तिला करून दाखवू दिलं आणि मग म्हणाली, "बाय, उभा जलम फुकणी फुकलंय मी. मना शिकवतंस?" पण ती तंतोतंत तसंच करते. दम लागला की पुढे वाकून कोपर कशावर तरी टेकायचे, खांदे सैल सोडायचे आणि फुंकणीचे ओठ करायचे. टेकायला टेबल उंच पडायचं, पाट ठेंगणा. म्हणून मी तिचं माप घेऊन पाइपाची एक घोडी बनवली, वर काथ्याची गादी. वर्कशॉपमध्ये मी पुष्कळ गेट केले, होड्यांचं लोखंडकाम केलं, पण त्या घोडीइतकं मन लावून काही केलेलं नाही.

घरी ऑक्सिजनचं मशीन आलं ते गेल्या पावसाळ्यानंतर. मशीनवर काचेची नळी, नळीत एक गोळी. नॉब फिरवला की गोळी वर चढते आणि जिथे थांबते तेवढे लिटर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोनच्या पुढे नेऊ नका. मी मान डोलावली. मनात म्हटलं, सरकारी माणसं, कशातही हात आखडता. आमच्या धंद्यात गॅसची ज्योत पिवळी पडली, काजळी धरायला लागली की ऑक्सिजनची चावी थोडी उघडायची. ज्योत निळी होते, टोक धरते, लोखंड लोण्यासारखं कापतं. तीस वर्षं माझ्या हाताला ही एकच गोष्ट ठाऊक. ज्योत मंदावली, ऑक्सिजन सोड.

थंडी पडायला लागली होती. आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता आणि वाडीत सगळीकडे फवारणी चालू होती. तो वास आईला बिलकूल सोसत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला तिला दम चढला. घोडीवर वाकली, मानेच्या शिरा तटतटल्या, वाक्य तर सोडाच, एक शब्द पुरा होईना. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चौऱ्याऐंशी. मी पंप दिला, वाफेचं मशीन लावलं, हे सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. आणि मग माझ्या हाताने त्याला येत होतं ते केलं. मी नॉब फिरवला. दोन, तीन, चार, पाच. मशीनमध्ये होतं तेवढं सगळं.

आकडा चढत गेला. नव्वद, चौऱ्याण्णव, सत्त्याण्णव. मुंबईला मोठ्या भावाला फोन लावला आणि जवळजवळ ओरडलोच, "दादा, अठ्ठ्याण्णव!" मुलगा बोर्डात आल्यासारखा. दादाही खूश. आईची घालमेल थांबली, गालांवर लाली आली, ती मागे टेकली आणि शांत झोपली. मी बायकोला म्हटलं, "बघ. उगाच घाबरवतात हे लोक." आणि अंगणात जाऊन चहा प्यायलो. तो चहा आठवला की आजही माझं तोंड कडू होतं.

बारा वाजता मिरकरवाड्याची मासेवाली आली. ती पायरीवर टोपली उतरवते, हाक मारते आणि मग आई आतून निदान दहा मिनिटं तिच्याशी भांडते. मासा मऊ आहे, बर्फातला आहे, मना आंधळी समजलीस काय. खाटेला खिळलेली असली तरी भांडते. भांडण नाही असा दिवस मला आठवत नाही. त्या दिवशी मासेवालीने तीन हाका मारल्या. आतून काही नाही. बायको धावत आली.

"अहो, आई उठत नाहीयेत," ती म्हणाली. "बांगडे आलेत आणि त्या उठत नाहीयेत."

मी आईला हलवलं. हात गरम, ओलसर. डोळे किलकिले केले, काहीतरी पुटपुटली, पुन्हा मिटले. हात वर धरायला लावला तर पंजा फडफडत खाली आला. आणि बोटावर आकडा तोच, झकास, अठ्ठ्याण्णव. मला काही म्हणजे काही कळेना. आकडा बरा आणि माणूस जातंय, हे कसं?

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी आईच्या पापण्या उघडून पाहिल्या आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "घरी किती लिटरवर होत्या?"

"पाच," मी म्हणालो. थोडं अभिमानानेच म्हणालो, खोटं कशाला बोलू.

त्यांनी ऑक्सिजन कमी केला. माझ्या डोळ्यांदेखत. आकडा घसरायला लागला तसा मी त्यांचा हात धरायला पुढे झालो. अंगात आलं होतं माझ्या. "आई मरतेय आणि तुम्ही हवा काढून घेताय?" सिस्टरने मला खांद्याला धरून भिंतीशी उभं केलं. आईच्या मनगटाच्या नाडीतून रक्त काढलं, तपासलं, तोंडाला घट्ट मास्क बांधला आणि मशीन सुरू केलं, जे श्वास आत ढकलतं आणि मग बाहेर सोडू देतं. हे नाही लागू पडलं तर घशात नळी घालावी लागेल, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. मग जरा उसंत मिळाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुमचा धंदा काय?"

"वेल्डिंग."

"बंद टाकीत उतरून कधी वेल्डिंग केलंय?"

केलं होतं. ट्रॉलरच्या डिझेलच्या टाकीत. आत गॅस साठला, मला गुंगी आली, छान वाटायला लागलं आणि वरच्या माणसाने दोरी ओढून बाहेर काढलं म्हणून आज हे लिहितोय.

"आईंचं तसंच झालंय," त्या म्हणाल्या. "त्यांच्या फुप्फुसांना हवा आत घेणं जड जातं, पण बाहेर टाकणं त्याहून जड. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की वापरलेली हवा रक्तात साठत जाते. तिची गुंगी चढते. तुम्हाला वाटलं झोप लागली. बोटावर दिसतो तो ऑक्सिजनचा आकडा. साठलेल्या हवेचा आकडा बोटावर दिसत नाही. त्यांच्यासाठी अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव म्हणजे उत्तम. अठ्ठ्याण्णव तुमच्यासाठी."

माझ्या मनात एकच होतं. ज्या हाताने तिची घोडी केली, त्याच हाताने मी तिला टाकीत कोंडलं होतं. रडू आलं, ते मी आवरलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "सगळेच करतात हो, मायेने करतात." माया होती, हे खरं. मायेनेच ती मरायला टेकली होती.

साडेपाचच्या सुमाराला आईने डोळे उघडले. मास्क ओढायला गेली, सिस्टरने हात धरला, तर तिच्या हातावर चापटी मारली. मास्क जरा सैल केला तेव्हा तिचे पहिले शब्द होते, "बांगडं घेतलंव काय?" बायको हसत हसत रडली. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पाटी रंगवली. लिहीत होतो तेव्हा आई खाटेवरून पाहत होती. तिला अक्षरं फारशी येत नाहीत. काय लिहिलंस, असं तिने विचारलं. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, टाकीसकट. माझ्या हातून काय झालं तेही. ती बराच वेळ ओठ चिमटून श्वास सोडत राहिली. मग म्हणाली, "भट्टीवर धुराडं तुंबला का असाच व्हायचा. बायका झोपायच्या." आणि कूस बदलली.

माफ केलं का नाही, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तिथून पुढे माझी लढाई सुरू झाली ती आजाराशी कमी आणि विचारपूस करणाऱ्यांशी जास्त. आमच्याकडे माणूस आजारी पडलं की वाडी लोटते. प्रत्येक जण आधी आईचा आकडा बघायचा, मग चिमटा स्वतःच्या बोटाला लावायचा. "माझे नव्व्याण्णव!" मग आईकडे बघून चुकचुकायचं. "बिचारीचे नव्वदच." एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, वीज वाचवतोयस काय रे? मी त्याला पाटी दाखवली आणि दार दाखवलं. माझी जीभ तशी चांगली नाही, आणि या बाबतीत ती चांगली व्हावी अशी माझी इच्छाही नाही.

मग शिमगा आला आणि शिमग्याला दादा आला. दादा माझ्याहून मोठा, मनाने सरळ, आणि आईवर त्याचा जीव आहे. लांब राहणाऱ्या माणसाचा जीव जास्त घाबरा असतो. त्याने पाटी वाचली, चिमटा लावला, एकोणनव्वद पाहिले आणि जेवायच्या ताटावरच सुरू झाला. "माझ्या आईला मोजून हवा देतोस तू? शेजारचे म्हातारे शहाण्णववर असतात. लाज नाही वाटत?" मी त्याला सगळं समजावलं. तो मान हलवत राहिला, पण नजर नॉबवर होती. मला ती नजर ओळखू येते. तीच माझी होती.

पालखी आमच्या दारात यायची ती दुपारी चारला. ग्रामदेवी वर्षातून एकदा स्वतः घरी येते, तेव्हा ओटी भरायला आई हवीच. मी म्हटलं, सूनबाई भरेल. आई म्हणाली, "ती देवी माझ्या दारात येनार आनि मी आत लपू? मी काय तिचा उसना घेतलाय?" तेव्हा तोडगा काढला. मशीन माजघरात, लांब नळी, आई उंबऱ्याच्या आत खुर्चीवर. धुपारत घेऊन एक जण पुढे आला त्याला मी पायरीवरच अडवलं. ऑक्सिजनजवळ निखारा म्हणजे काय ते मला कोणी न सांगताही कळतं. तो म्हणाला, देवीचा धूप अडवतोस? मी म्हटलं, हो. देवीला राग आला तर माझ्यावर येऊ दे.

आईने ओटी भरली. बसल्या बसल्या, पण तिनेच. मात्र अंगण माणसांनी भरलं होतं, ढोलावर पोरं नाचत होती, धूळ आणि गुलाल दारातून आत येत होते, आणि ओटी भरून हात जोडतानाच आईचा श्वास अडकला.

आम्ही तिला आत आणली, दार लावलं. घोडी, पंप, वाफ. चिमट्यावर त्र्याऐंशी. गोळी दोनवर. दादा माझ्या कानाशी ओरडत होता, "वाढव! अरे वाढव!" मागे त्याची बायको, आत्या, शेजारीण, सगळ्यांचं एकच. मी मशीनला पाठ लावून उभा राहिलो. "हात लावाल तर याद राखा," मी म्हणालो. देवीच्या दिवशी मोठ्या भावाला असं बोलणं आमच्यात बसत नाही. बोललो. पंच्याऐंशी. शहाऐंशी. आई जागी होती, डोळे उघडे होते, माझ्या नावाने हाक मार, असं मी तिला सारखं सांगत होतो आणि ती नुसती माझ्याकडे रोखून बघत होती. पण वाफ संपत आली तरी दम उतरेना. असं झालं तर थांबायचं नाही, थेट इस्पितळात यायचं, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. शेजाऱ्याची गाडी तयार होती, पण पालखी आणि सगळी गर्दी आमच्या पाणंदीतच होती. गाडी निघणार कुठून?

माणसं हलवायला मलाच जावं लागणार होतं. बायको आईचे कागद शोधत आतल्या खोलीत होती. मी दादाकडे पाहिलं, नॉबकडे पाहिलं आणि धावलो.

पालखीपुढे जाऊन मी ओरडलो तेव्हा ढोल थांबला. सांगितलं, आईला न्यायचीय, वाट द्या. पालखी खांद्यावर असताना कोणी तिला मागे सर म्हणत नाही. मी म्हटलं. धरणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पालखी कडेच्या दगडी गडग्याला लागून बाजूला झाली. माझी दोन-तीन मिनिटं गेली असतील. परत धावताना मी मनात पाच, पाच, पाच एवढंच म्हणत होतो. दार ढकललं.

दादा मशीनजवळच होता. त्याचा हात नॉबवर होता. पण त्याच्या हाताखाली आणखी एक हात होता, काळ्या डागांचा. आईने खुर्ची सोडून, खाली बसून, घोडी बाजूला ढकलून, दोन्ही पंजांनी नॉब झाकून धरला होता. मान वर, ओठ चिमटलेले, छाती भात्यासारखी, आणि नजर दादाच्या नजरेत रुतवलेली. दादा रडत होता. "आये, सोड ना गो," तो म्हणत होता. ती सोडत नव्हती. काचेच्या नळीत गोळी दोनच्या रेघेवर होती.

मी दादाचा हात बाजूला केला. त्याने करू दिला.

गाडीत लहान सिलिंडर घेतला होता. आई मधे, मी एका बाजूला, दादा दुसऱ्या. पालखीसमोरून गाडी गेली तेव्हा आईने हात जोडले नाहीत. तिचा एक हात माझ्या गुडघ्यावर आणि दुसरा सिलिंडरच्या चावीवर होता. चिमटा अठ्ठ्याऐंशी दाखवत होता आणि मी तिला झोपू देत नव्हतो, पण तिला झोपायचंच नव्हतं.

इस्पितळात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आईच्या पापण्या उघडल्या नाहीत, कारण आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी तोच प्रश्न विचारला, "किती लिटरवर होत्या?"

दादाने आणि मी एकदमच तोंड उघडलं. आईने हाताने आम्हाला थांबवलं. नाकाने श्वास घेतला, ओठांची फुंकणी केली आणि तो अख्खा श्वास एका शब्दावर खर्च केला.

"दोन."

चावीवरचा हात मात्र तिने सिस्टरने येऊन सिलिंडर बदलेपर्यंत काढला नाही.